वाणाची उशी

माझ्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा 'आणखी घ्या' म्हणत नाही. एकदा विचारते. तो नको म्हणाला की भांड्यावर झाकण. आमच्याकडे विदर्भात याला माणुसकी नसणं म्हणतात, आणि सासरच्या गोतावळ्यात त्या बाबतीत माझं नाव चांगलंच गाजलेलं आहे. लग्नांत तर मी याहून विचित्र वागते. पंगत उठली की मांडवाबाहेर जाते, गाड्यांचे ड्रायव्हर कुठं सावलीला बसलेत ते शोधते आणि जेवलात का असं न विचारता झोपलात का असं विचारते. ते एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. मला झोपेची भीती वाटते, आणि झोप न मिळालेल्या माणसाची त्याहून जास्त.

माझे वडील ड्रायव्हर होते. धरमपेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची पांढरी अँबेसेडर ते चालवत. आम्ही प्रताप नगरात दोन खोल्यांत राहायचो. तिथं तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, आणि संध्याकाळी म्हशी परतल्या की आमच्या दारात धुळीचा थर बसायचा. घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी दहा वर्षांची होते आणि तो चार.

बाबांचं झोपेशी जुनं भांडण होतं. मालकाचा धंदा गावोगावी पसरलेला, त्यामुळे कधी अमरावती, कधी रायपूर, कधी छिंदवाडा, आणि परत आल्यावर लगेच मालकीणबाईंना बाजारात न्यायचं. झोप कशी येते याचं त्यांचं एक वर्णन होतं. ते आईला सांगायचे, "डोये मिटत नाही वं पहिले. पहिले रस्ता चांगला वाटाले लागते. खड्डेच लागत नाही. असं वाटलं का समजाचं, आपन गेलो." मग त्यांचे उपाय असायचे. शर्टाच्या खिशात फुटाणे, एखादी हिरवी मिरची, मानेवर ओला दुपट्टा. आणि आई सोबत असली तर आईची बडबड.

आई बोलायला लागली की थांबायची नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कबूल होतं. मालकांच्या परवानगीनं कधीमधी आम्ही गाडीतून कुठं गेलो तर ती पुढच्या सीटवर बसायची आणि खाप्यातल्या शेजारणींच्या भानगडी सुरू करायची. खापा तिचं माहेर. बाबांना त्या बायकांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत, पण ते दर वाक्याला 'हं' म्हणायचे. तो 'हं' वेळेवर आला की आई पुढं बोलायची, उशिरा आला की त्यांच्या दंडाला चिमटा काढायची. मागं बसून आम्ही बहीण-भाऊ चिमट्याची वाट बघायचो. आमच्यासाठी ती गंमत होती.

त्या वर्षी वैशाखात अधिक महिना आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पंचांगात दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा येतो, आणि त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं असं असतं. जावई म्हणजे त्या दिवसापुरता देवच. पुरण भरलेले कणकेचे गोळे करतात, त्यांना धोंडे म्हणतात, म्हणून महिनाही धोंड्याचा. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, खाप्याहून निरोप धाडला होता. आईनं तो निरोप गल्लीतल्या सगळ्यांना ऐकवला.

ठरल्याप्रमाणे आम्ही एसटीनं जाणार होतो. पण आदल्या दिवशी मालकांच्या नात्यात अमरावतीला अधिकाचं रात्रभराचं भजन निघालं, आणि बाबा गाडी घेऊन परत आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाडी धुऊन चावी द्यायला ते वर गेले तर मालकीणबाई म्हणाल्या, "जावई आहात ना आज? मग गाडीनंच जा. संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचंय, तेवढं मात्र चुकवू नका." बाई मनानं चांगल्या होत्या. बाबा गाडी दारात उभी करून आईला म्हणाले, "एसटीनंच जाऊ. बसमधी मले डोया तरी लागंल." आई नुसती गाडीकडं बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माहेरच्या गल्लीत ती कधी मोटारीतून उतरली नव्हती, आणि बाबांना ते न सांगता समजत होतं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि दार उघडून दिलं.

खाप्यात गाडी शिरली तेव्हा आई काच खाली करून बसली होती, बाहेर आग ओकणारं ऊन असताना. पोरं मागं धावत होती. आजी दारात तांब्या घेऊन उभी. लहानशी, काटक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. तिनं जावयाच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि पाटावर बसवलं. समोर रांगोळी, केळीचं पान, पानावर कढी, भजी, वडाभात, कुरडया, आणि वाफेवरचे धोंडे. त्यांच्यावर तुपाची धार अशी की पानाच्या कडेनं तूप वाहायला लागलं.

यानंतर काय झालं ते आमच्याकडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको. बाबा म्हणाले, "बस जी आता. गाडी चालवाची हाये." आजी म्हणाली, "गाडी पेट्रोलनं चालते जावईबापू, मानूस जेवनानं चालते. घ्या." सगळे हसले. मग मामाच्या हातचा एक झाला. मग मामीच्या हातचा, कारण मामाचा घेतला आणि मामीचा टाकला तर ती रुसली असती. मग आईनं नाव घेतलं, त्या नावाचा एक. बाबा दोन्ही हात पानावर आडवे धरत होते, आणि हात आडवे धरणं हा आमच्याकडे नकार नसतोच. तो आग्रहाला दिलेला मान असतो. माझा भाऊ हे सगळं बघत होता. त्यानं परातीतला एक धोंडा दोन्ही हातांत उचलला आणि सांभाळत, पावलं मोजून टाकत बाबांपाशी आणला. म्हणाला, "बाबा, माह्या हातचा एक."

तो बाबांनी खाल्ला. त्याच्या हातातूनच खाल्ला, आणि त्याची तुपाची बोटं चाटून साफ केली.

आजीनं वाण दिलं. ताटात अनारसे, दिवा, धोतरजोडी. ओसरीवर बाज टाकलेली होती, भिंतीला ओली पोती लावून गारवा केलेला होता. बाबांनी त्या बाजेकडं एकदा बघितलं ते मला आठवतं. पण तिच्यावर मामा उताणा झाला होता, आणि घरात एकाच्याही मनात आलं नाही की ज्याला इतकं खाऊ घातलं त्याला जरा पडायला सांगावं. जावयाला जेवायचा आग्रह करायची आमच्याकडे रीत आहे. झोपायचा आग्रह करायची नाही. आणि स्टेशनवर पाहुणे येणार होते.

परतीला ऊन उतरलं नव्हतं. सावनेरच्या रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, चाकाखाली चरचर आवाज येत होता. लू आत येऊ नये म्हणून काचा वर आणि खिडकीला ओला पंचा. भाऊ आईच्या मांडीवर लगेच झोपला. मी मागच्या सीटवर वाणाच्या टोपलीला टेकून बसले होते, अनारशांना तुपाचा आणि खसखशीचा वास येत होता. आईनं गोष्ट सुरू केली. खाप्यात कुणाच्या तरी लग्नात दोन जावा पंगतीवरून भांडल्या, त्याची. बाबांचा 'हं' येत होता. आई म्हणाली, "मोठी म्हने, माह्या पोराले वाढलंच नाही. लहानी म्हने, तुह्या पोरानं चारदा घेतलं. मोठीनं हातातला पदर खोचला जी. आन मंग त्या बाईनं काय केलं म्हनता..."

त्या बाईनं काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. तिथंच माझे डोळे मिटले. आईचेही तिथंच मिटले असावेत, कारण पुढचं वाक्य आपण बोललो का, हे तिलाही कधी आठवलं नाही. तीही पहाटेपासून उठलेली, पुरणाचं जेवण जेवलेली, मांडीवर पोराचं गरम ओझं. आणि आईचं बोलणं थांबल्यावर बाबांना कुणाला 'हं' म्हणायचं राहिलं नाही. रस्ता चांगला वाटायला लागला असेल. खड्डे लागेनासे झाले असतील.

गाडीत जागं कुणीच नव्हतं.

मी जागी झाले तेव्हा सगळं थांबलेलं होतं. गाडीचं नाक रस्त्याकडेच्या नालीत उतरून बाभळीला लागलं होतं, माझ्या अंगावर अनारसे विखुरले होते. आई दाराला धरून उभी होती, कपाळावर रक्त. बाबा रस्त्याच्या कडेला बसले होते आणि भावाला मांडीवर घेऊन उठवत होते. सगळेच झोपलो होतो, तेव्हा त्यांना वाटलं की तोही झोपलेलाच आहे. "उठ न रे राजा," ते म्हणत होते, "उठ, घर आलं." त्याला कुठंही फारसं लागलेलं दिसत नव्हतं. एका ट्रकवाल्यानं आम्हाला सावनेरच्या दवाखान्यात पोचवलं, पण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आजी दुसऱ्या दिवशी प्रताप नगरला आली.  आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पोट भरलं का वं माय तुहं?" आजी उंबऱ्यावरच खाली बसली.  तेराव्यानंतर ती खाप्याला गेली आणि मग आमच्याकडे आली नाही. आईही माहेरी गेली नाही. मामा कधी कोर्टाच्या कामानं नागपूरला आला की गव्हाचं पोतं उतरवून पाणी न पिता निघून जायचा. एकदा त्यानं जाता जाता मला सांगितलं की आजी आता पुरण शिजवत नाही, सणालासुद्धा भात-वरणच करते.

खटला झाला, व्हायची ती शिक्षा झाली, आणि बाबांना ती फार थोडी वाटली. मालकांनी परत बोलावलं होतं. बाबांनी चावीला हात लावला नाही. त्यांनी एका टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, रात्रीच्या चौकीदाराचं काम धरलं. ज्या माणसाला झोप लागल्याचा असा हिशेब द्यावा लागला, तो जागं राहण्याचं काम शोधून घेतो, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. सकाळी घरी आल्यावर त्यांनी झोपायला हवं होतं. ते झोपायचे नाहीत. बाजेवर बसायचे, मान खाली गेली की दचकून उठायचे, मोरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतायचे. कधी बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागायचा आणि ते ओरडून उठायचे, दोन्ही हात समोर धरून, गोल. त्या हातांमधलं स्टेअरिंग मला दिसायचं. ते इतके वाळले की त्यांचे शर्ट माझ्या अंगाला येतील असं वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, औषधानं मी झोप आणीन, पण यांना ती घ्यायची नाही त्याला मी काय करू? यांना असंच जागू दिलं तर हे जास्त दिवस काढणार नाहीत.

आणि आई गप्प झाली होती. कामापुरतं बोलायची. मीठ संपलं, शाळेची वेळ झाली, दार लाव. शेजारणी मुद्दाम काहीबाही सांगायला यायच्या, ती ऐकून घ्यायची आणि चुलीकडे वळायची. ज्या घरात आईच्या तोंडाला टाळा नव्हता त्या घरात मी दोन वर्षं घड्याळाचा आवाज ऐकत अभ्यास केला. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. भाऊ गेला, बाबा असे झाले, आणि हिनंही तोंड शिवून घ्यावं? ती स्वतःला कशाची शिक्षा देत होती ते मला फार उशिरा समजलं. आजीला वाटत होतं आपल्या हातानं झालं, बाबांना वाटत होतं आपल्या डोळ्यांनी झालं, आणि आईला वाटत होतं आपण बोलायचं थांबलो म्हणून झालं. मी पुढं पुष्कळदा दोष वाटून बघितला. मालकीणबाईंचा चांगुलपणा, अमरावतीचं भजन, ऊन, तूप, आईची मोटारीची हौस. कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही. सगळे एकमेकांवर माया करत होते, एवढंच निघतं, आणि त्यानंच जास्त चीड येते.

तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा अधिक महिना आला. या खेपेला भाद्रपद. गल्लीत ज्याच्या-त्याच्या घरी जावई येत होते, तळणाचा वास सुटला होता. आमच्या घरात त्या महिन्याचं नावही कुणी काढलं नाही. अशातच एका सकाळी रिमझिम पावसात आजी दारात उभी राहिली. एकटीच एसटीनं आली होती. पायांना चिखल, आणि काखेत पातळात गुंडाळलेलं मोठं गाठोडं, ते भिजू नये म्हणून स्वतः भिजलेली.

बाबा नुकतेच टालीवरून आले होते आणि बाजेवर बसले होते. आई चुलीपाशी. तिनं आजीला बघितलं आणि जागची हलली नाही. आजीही तिच्याकडे गेली नाही. ती सरळ बाबांसमोर जमिनीवर बसली आणि गाठोडं सोडायला लागली. आईचा चेहरा मला दिसत होता. तिला वाटत होतं, आता यातून डबा निघणार. मलाही तेच वाटलं, आणि मी मनाशी म्हटलं, ही म्हातारी पुन्हा खायला घेऊन आली असेल तर मी तो डबा रस्त्यावर फेकीन.

गाठोड्यातून उशी निघाली. पांढरी, जाड, नवीकोरी, कडेला लाल दोऱ्याचे हातानं घातलेले टाके.

"वावरातल्या कापसाची हाये जी," आजी म्हणाली. तिनं बाबांकडे न बघता उशीवर हात फिरवला. "म्याच वेचला, म्याच पिंजून आनला. अधिकाचं वाण हाये, नाही म्हनू नका. त्या दिवशी म्या तुमाले सगळं वाढलं. हे वाढाचं राहून गेलं."

सासूला बाबा मामी म्हणायचे. ते रडतील असं वाटलं, पण रडले नाहीत. म्हणाले, "मले झोप नाही येत, मामी. मी झोपलो का..." 

"येनार," आजी म्हणाली. "घरी हाये तुमी आपल्या. कोठी जाचं नाही, कोनाले आनाचं नाही. गाडी नाही, काही नाही. आन मी हाये इथं जागी बसून. तुमी पडा."

तिनं उशी बाजेवर ठेवली आणि वर दोनदा थापटली, लहान मुलाची जागा करतात तशी. बाबा बराच वेळ उशीकडे बघत राहिले. मग आडवे झाले. नवी उशी त्यांच्या डोक्याखाली चुरचुरली. त्यांचे डोळे उघडेच होते, आढ्याकडे लागलेले, आणि हात छातीवर असे आखडलेले की कधीही उठून बसतील. आजी पदरानं वारा घालत होती. बाहेर पाऊस पत्र्यावर पडत होता. एकदा त्यांचे डोळे मिटले, आणि लगेच अंग दचकलं, कोपर टेकून ते उठायलाच लागले.

तेव्हा आई चुलीपासून उठली. हात पदराला पुसले आणि बाजेच्या उशाशी येऊन बसली, आजीच्या शेजारी. आजीकडे तिनं बघितलं नाही. बाबांच्या दंडावर हात ठेवला, चिमटा काढायची ती जागा. तिचा आवाज दोन वर्षं न वापरलेल्या दारासारखा करकरत बाहेर आला.

"ऐकता का जी," ती म्हणाली. "ते दोघी जावा होत्या न, पंगतीत भांडल्या त्या. तुमाले सांगाचं राहून गेलं होतं."

बाबांचं कोपर हळूहळू खाली आलं.

"मोठीनं पदर खोचला, एवढं सांगतलं होतं मी," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, बोलत होती. "आन मंग त्या बाईनं काय केलं म्हनता? भरल्या पंगतीतून पोयांची टोपली उचलली, डोक्यावर घेतली, आन सरळ आपल्या घरी निंगून गेली. मांगून नवरदेवाचा बाप धावून राहिला, वरातीतले पोट्टे धावून राहिले. कोनाले सापडली नाही जी. कोनालेच नाही."

आजीचा वारा घालणारा हात थांबला होता. बाबांचे डोळे मिटलेले होते, छाती संथ वरखाली होत होती, हात सैल होऊन बाजेच्या कडेला आले होते. ते गाढ झोपले होते. आई चिमटा न काढता थांबून राहिली, आणि बऱ्याच उशिरानं, झोपेतच, बाबा म्हणाले, "हं."